मंजूर प्रश्न

१२ जानेवारी

आणि वर मलाच विचारतेस, एवढं चिडायला काय झालं. काय झालं ते तूच लिहिलंयस, बारके. तुझंच पत्र तुला वाचून दाखवतो, म्हणजे कळेल कानाला कसं लागतं ते. कॉलेजच्या अभ्यासासाठी तू तुरुंगात गेलीस. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या कैद्यांना प्रश्न विचारायला. तुला टेबल दिलं, दोन खुर्च्या दिल्या, दाराशी शिपाई उभा केला. पहिले दोघं येऊन गेले आणि तिसरा आत आला तो वेल्डर. आपला वेल्डर. आपल्या दादाला ज्यानं मारलं तो. आणि तू काय केलंस? त्याला 'बसा' म्हणालीस.

इथपर्यंत वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. म्हटलं, आता पुढच्या ओळीत ही उठून गेली असेल, नाहीतर किंचाळली असेल, निदान समोरचं पाणी तरी त्याच्या तोंडावर फेकलं असेल. पुढच्या ओळीत काय, तर तू त्याला कागद वाचून दाखवलास. तुमचं नाव कुठेही येणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसेल द्यायचं तर नका देऊ. मधेच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा, कुणी काही म्हणणार नाही. दादाला मधेच उठून जायची मुभा कुणी दिली होती का गं?

मग तुझे प्रश्न. इथे शिकलेल्या कामाचा बाहेर उपयोग होईल असं वाटतं का. हत्यारं नीट आहेत का. शिकवणारा माणूस वेळेवर येतो का. वाचता वाचता मला हसू आलं, खोटं नाही सांगत. त्या माणसाला वेल्डिंग कोण शिकवणार? आपल्या गल्लीत निम्म्या घरांच्या जाळ्या त्यानं आणि दादानं मिळून लावल्यात. दुकान दोघांचं होतं. जेवायला आपल्याकडे असायचा. आई त्याचं ताट दादाच्या ताटाशेजारी मांडायची. मला वेल्डिंगचा होल्डर धरायला त्यानंच शिकवलं, आणि त्याच विद्येवर मी आज इथे पोट भरतोय आणि तुझी फी भरतोय. तर त्याला तू विचारतेस, हत्यारं नीट आहेत का.

आणि एक प्रश्न नव्हता. का मारलंस, हा. का, तर म्हणे तो मंजूर नव्हता. कॉलेजच्या समितीनं प्रश्नांचा कागद तपासून सही करून दिलेला, त्यात नसलेलं काही विचारायचं नाही, आणि ज्याच्यासाठी आत गेला त्या गुन्ह्याबद्दल तर मुळीच नाही.

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. कोर्टात त्यानं एकच वाक्य सांगितलं, हो, मी मारलं. बास. का, त्यावर तोंड शिवलेलं. पोलीस म्हणाले हिशोबावरून, वकील म्हणाला दारू होती, शेजारी म्हणाले बाईचं काहीतरी असेल. ज्याला जे परवडलं ते त्यानं धरलं. आणि मी? मला त्या दोघांनी मिळून वेल्डिंगचे रॉड आणायला पाठवलं होतं. गेलो तेव्हा दोघं हसत होते. आलो तर शटर अर्धं खाली. अकरा वर्षं झाली, आई अजून भाजी चिरता चिरता थांबते आणि म्हणते, पण का रे. आणि तू त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून होतीस.

तूच लिहितेस, ओळखीचा माणूस निघाला तर तिथेच थांबायचं आणि मॅडमना सांगायचं, असा तुमचा नियम आहे. तू थांबली नाहीस. पाय उचलेना म्हणतेस. मानलं. त्यानं तुला ओळखलं नाही हेही मानलं, तेव्हाची शेंबडी पोर आणि आताची चष्मेवाली यात फरक असणारच. मग एक नियम मोडलाच आहेस तर दुसराही मोड. मॅडमना काही बोलू नकोस. काहीतरी राहिलंय असं सांगून परत जा आणि विचार. आणि मार्चअखेर सुटणार आहे असं त्यानं तुला सांगितलं ना, मग सुटून कुठे जाणार तेही सांगितलंच असेल. ते मला कळव.

फोनवर हे बोलता येत नाही, शेजारी आई असते. म्हणून लिहितोय. माझं अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

मधला

३ फेब्रुवारी

बारके,

पत्र मागितलं होतं, धडा आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून काय काय अपेक्षित असतं हे मला कळून काय करायचंय? पण दोनदा वाचलं. इथे दुसरं वाचायला असतं काय, सिलिंडरवरचं लेबल.

म्हणजे आता नुसतं पाठ करून भागत नाही. गुन्हा का घडतो याची चार जणांनी चार कारणं सांगितली असतील तर चारही मांडायची, मग प्रत्येकाला पुरावा मागायचा. पोलिसांचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे नाहीत, ते कसे मोजले ते आधी बघायचं. स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायचा, लोकांत जाऊन माहिती आणायची, कुणाला त्रास होऊ द्यायचा नाही, आणि शेवटी परक्या परीक्षकापुढे उभं राहून सांगायचं की मी असं का केलं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे वर्गात शिकलेलं प्रत्यक्षात लावून दाखवायचं. बरोबर लिहिलं ना?

त्या चारांतलं एक मला पटलं. ज्याच्यावर एकदा ठप्पा बसला तो हळूहळू तसाच होतो, हे. मी इथे आलो तेव्हा मुकादमानं विचारलं, शिक्षण किती. मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून कुठेही जोड सुटला की आधी माझ्याकडे बघतो. त्यामुळे आता मीही कधी कधी मुद्दाम खराब टाका मारतो. हे तुझ्या पुस्तकात घाल, नाव नको.

पण एक सांग, तुझ्या त्या चार कारणांत वेल्डर कुठे बसतो? गरिबी म्हणावी तर दोघं सारखेच गरीब. संगत म्हणावी तर त्याची संगत म्हणजे दादाच. लहानपणी मार खाल्लेला, असं म्हणशील. उस्ताद तसं सांगायचा खरं, त्याचा बाप पट्ट्यानं मारायचा. पण आपलाही काही फुलं उधळत नव्हता.

बघ, दुकानात त्याला म्हणायचो तसं उस्ताद लिहून गेलो. राहू दे, खोडलं तर आणखी दिसेल.

आम्ही इथे तेलाच्या टाक्या बांधतो. बिल्डिंगएवढी उंच टाकी, आणि तिच्या पोटात मी. आत शिडीवर बसून जोड मारायचा. बाहेर कुणी पत्र्यावर हातोडी मारली की आत डोक्यात घंटा वाजते. काच डोळ्यांवर ओढली की सगळा अंधार, फक्त समोर तो एक ठिपका जळतो. त्या ठिपक्यात पूर्वी मला काही दिसायचं नाही. तुझं पत्र आल्यापासून टेबल दिसतं आणि दोन खुर्च्या. म्हणून कधी कधी काच लावतच नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. माझ्या खोलीत रंगारी आहे, टाकीला रंग देणारा. तो म्हणतो, रडतोस का रे, बायको पळाली का. मी म्हटलं, आधी आणू तर दे.

आता मुद्द्याचं. पत्ता तू दिला नाहीस. मुलाखतीत जे कळलं ते गुप्त, म्हणतेस. मार्चअखेरची सुटका मला लिहिली तीही चूक झाली म्हणतेस. एकच अपवाद म्हणे, कुणाच्या जिवाला धोका असेल तर तोंड उघडायचं, नव्हे, उघडावंच लागतं. छान नियम आहे. फक्त तो करायला अकरा वर्षं उशीर झाला.

पत्ता नसेल द्यायचा तर नको देऊस. तुरुंगाला दार एकच असतं.

मधला

२१ फेब्रुवारी

बारके,

आता मी चिडलेलो नाही. तू घाबरून लिहिलंयस म्हणून सांगतो.

रजा मिळाली. मुकादमाला सांगितलं, बहिणीचं शेवटचं वर्ष आहे, घरी जायचंय. त्याला एकदम कौतुक. काय शिकते म्हणाला. गुन्हेशास्त्र म्हटल्यावर खुर्ची जरा मागे घेतली त्यानं. तिकीट काढलंय. आईला सांगू नकोस, दुपारच्या झोपेत असेल तेव्हा दार वाजवेन.

तो बाहेर येईल त्या दिवशी मी तिथे असेन. मला एकच विचारायचंय आणि तुझ्यासारखी मला कुणाची सही लागत नाही. उत्तर दिलं तर ऐकून घेईन. नाही दिलं तर नाही दिलं.

जुन्या टाकीच्या शिडीचा एक गज सुटला होता. त्याला ग्राइंडरवर चांगलं टोक काढलंय. रंगाऱ्याला सांगितलं, स्टुलाचा पाय आहे. तुला खरं सांगतो कारण तुला खोटं सांगितलेलं कळतं. विचारायला जाताना हात रिकामे असावेत असा नियम आमच्या समितीनं अजून मंजूर केलेला नाही.

तू अभ्यास कर. परीक्षकापुढे अडखळू नकोस. लहानपणी तू फार वेळ गप्प बसायचीस, लोकांना वाटायचं हिला येत नाही.

मधला

१० मार्च

घेतलेत ना मार्क?

सकाळी कामावर उभे होतो, सगळ्यांपुढे दोन पोलीस आले. मुकादमानं बोट केलं. मला वाटलं, आईचं काही झालं. खोटं कशाला, पहिला विचार तोच आला. त्यांनी माझं नाव विचारलं, बहीण आहे का विचारलं, आणि मग एक कागद काढला. झेरॉक्स होती. त्यावर माझं अक्षर. तिकीट काढलंय, गज, टोक, सगळं. पोलीस वाचता वाचता एका शब्दाला अडला, तर मीच सांगितलं, ग्राइंडर आहे तो.

तू मॅडमना दिलंस. मॅडमनी कॉलेजला, कॉलेजनं तुरुंगाला, तुरुंगानं पोलिसांना, आणि तिथून इतका लांबचा प्रवास करून माझं पत्र माझ्याकडेच परत. पोस्टानं कधी इतक्या लवकर पोचलं नव्हतं.

माझी पेटी उघडली. सगळे बघत होते. आईनं विणलेला स्वेटर काढून बाजूला ठेवला, तुझा शाळेतला फोटो ठेवला, त्याच्या खाली गज. रंगारी मधे पडला, म्हणाला, साहेब, तो स्टुलाचा पाय आहे. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. पोलिसानं विचारलं, मग स्टूल कुठाय. त्यावर सगळे हसले. मीसुद्धा हसलो, कशाला कुणास ठाऊक.

रजा रद्द. पुढचे सहा महिने इथून हलायचं नाही, दर आठवड्याला चौकीत जाऊन सही करायची. मुकादमानं टाकीच्या कामावरून काढून गंजलेला पत्रा घासायला बसवलंय, पगार तसाच कमी. त्यानं खुर्ची मागे घेतली होती ते बरोबरच होतं म्हणायचं. रंगारी रात्री म्हणाला, तुझ्या बहिणीचा पहिला नंबर येणार, चोर घरातच सापडला तिला.

दादाच्या वेळी दहा माणसं रस्त्यावर होती. शटर पडताना दिसलं, आवाज ऐकला, कुणी एक पाऊल पुढे टाकलं नाही. आणि त्या माणसाला साधं खरचटूही नये म्हणून तू माझ्यावर पोलीस घातलेस. सख्ख्या भावावर. त्याला नुसता 'बसा' म्हणाली नाहीस, जपलंस.

लिहू नकोस. फीचं तुझं तू बघ. आईला काय सांगायचं ते तूच ठरव, समितीला विचारून.

४ मे

बारके,

तू लिहीत राहिलीस. मी उघडत नव्हतो. रंगारी उघडायचा आणि वाचून माझ्या उशाशी ठेवायचा. हे गुप्त पत्र आहे म्हटलं तर म्हणाला, तुमच्या घरात गुप्त काय राहिलंय आता.

काल पार्सल आलं. तुझं पुस्तक. बांधणी चांगली केलीय, बाहेर सोनेरी अक्षरं, आत मला झेपत नाही अशी भाषा. पण शेवटचा भाग आणि सोबतचं तुझं पत्र वाचलं. बोट ठेवून वाचलं, दोन संध्याकाळी लागल्या. म्हणजे तू मॅडमना आधी वेल्डरचं सांगितलंस, माझं पत्र नंतर. त्याची मुलाखत समितीनं काढून टाकली, तुला नव्या माणसाकडे जाऊन पुन्हा सगळं करावं लागलं, आणि थांबायला हवं तिथे थांबली नाहीस म्हणून मार्कही कापले. आणि माझं पत्र पर्समध्ये ठेवून तू तीन दिवस फिरत होतीस, ते लिहिलंयस. आईच्या हातचं जेवायला बसायचीस तीही पर्स मांडीवर घेऊन. पुस्तकात असलं लिहितात का गं?

परीक्षकानं तुला विचारलं, भावाऐवजी परका असता तरी तू हेच केलं असतंस का. तू म्हणालीस, 'परका असता तर त्याच दिवशी केलं असतं. भाऊ होता म्हणून तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत तो निघाला असता तर आज माझे दोन्ही भाऊ गेले असते.' रंगारी म्हणाला, ही वकील व्हायला हवी होती.

आणि मग पत्रातलं ते पान. तुरुंगाच्या साहेबानं वेल्डरला सगळं सांगितलं, मुलगी कोण होती ते. आणि त्यानं जे उत्तर दिलं ते घरच्यांना कळवायला त्याची हरकत नव्हती, म्हणून तू मला लिहिलंस. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तो म्हणाला, 'दारातून आलो तेव्हाच ओळखलं. भावासारखीच मान वाकडी करून बघते. वाटलं, आता विचारेल. सांगायचं ठरवून बसलो होतो. तिनं हत्यारांचं विचारलं, मी हत्यारांचं सांगितलं.'

बारके, तो सांगणार होता.

हे वाचल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तुला शिव्या द्याव्यात म्हणून तोंड उघडलं, पण जमेना. तू तुझा कागद धरून बसलीस. मी गज घेऊन निघालो. मग साहेबानं मधे बसून भेट घालून देतो म्हटलं तर वेल्डर नको म्हणाला, आणि सुटून गेला, कुठे ते कुणालाच सांगायचं नाही या अटीवर. ती अट माझ्यामुळे. म्हणजे तुझ्या वेळी प्रश्न नव्हता आणि माझ्या वेळी माणूस नाही. आई भाजी चिरताना थांबेल आणि आपण दोघंही खाली बघू. तिला यातलं काहीच सांगू नकोस. तो सांगणार होता हे तर कधीच नको.

आणि शेवटी जाता जाता तो साहेबाला म्हणाला, मधल्याला कळवा, काच लावून काम कर म्हणावं. पोरगा आळशी आहे, डोळे घालवून बसेल.

अकरा वर्षांत त्यानं आपल्या घराला उद्देशून हे एकच वाक्य पाठवलं. दादाबद्दल एक शब्द नाही. मी काचेचं कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सोडून. आणि तू सांगणार नाहीस. त्यालाच आठवलं असणार. दुकानात मी उघड्या डोळ्यांनी टाका मारायचो तेव्हा मागून टपली कोण मारायचा, दादा की तो, ते मला आता नीट आठवत नाही. दोघंही असतील.

आज मुकादमानं परत टाकीत घातलं, माणसं कमी पडलीत. काच लावली. त्याचं ऐकलं म्हणून नाही, डोळे खरंच बिघडलेत. ठिपक्यात काही दिसलं नाही, टेबलही नाही.

तू विचारलंयस की शेवटच्या भागात माझ्याबद्दल आहे ते ठेवू का काढू. तुमच्या ग्रंथालयात राहणार म्हणतेस, पुढची मुलं वाचणार. सोबत संमतीचा कागद पाठवलायस, नाव येणार नाही, मधेच माघार घेता येईल, तेच सगळं. म्हणजे आता तुझ्या समोर, त्याच्या खुर्चीत मी. सही केलीय, कागद सोबत आहे. ठेव. पुढच्या कुणी पोरीला असाच कुणी समोर आला तर तिला कळू दे की दोन्हीकडून काय होतं. माघार घेणार नाही.

मी अजून तुला माफ केलेलं नाही. ते वेगळं. त्याची घाई करू नकोस, आणि त्याबद्दल विचारूही नकोस. पदवी घ्यायला जाशील तेव्हा आईला पुढच्या रांगेत बसव, तिला लांबचं दिसत नाही.

तिकीट तेव्हाच परत केलं होतं. त्यांनी कापायचं ते कापलं. त्यात पत्रा घासल्याचे घातलेत आणि रंगाऱ्यानं स्वतःहून दिलेले थोडे, स्टुलाचे म्हणून. परीक्षेची शेवटची फी आणि तो काळा झगा भाड्यानं घ्यावा लागतो त्याचे, सगळं धरून नऊ हजार चारशे पाठवतोय.